मुलाखतीचे पातळ

कापसाचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती शासकीय गॅझेटियरपासून प्राथमिक शाळेच्या भूगोलापर्यंत एकमुखाने सांगितली जाते, त्या यवतमाळ जिल्ह्यातील एखादी मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी घराबाहेर पडते तेव्हा तिच्या अंगावर बहुधा कापूस नसतो, ही गोष्ट अध्यापनाच्या प्रारंभकाळात मला विसंगत वाटे. पुढे तिची कारणे एकेक करून उलगडत गेली. इथला कापूस मुर्तिजापूरपर्यंत वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत अरुंद रुळांची गाडी आली, जी पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. तिथून तो मुंबईच्या बंदराकडे आणि बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गेला. आणि त्याच मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कंपनीच्या सेवेतील व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरच्या तंतूचे पेटंट घेतले. आज सुरतेच्या यंत्रमागांवर विणलेली, धुतल्यावर तासाभरात वाळणारी आणि इस्त्रीवाचून निभावणारी साडी दारव्हा, घाटंजी किंवा झरी-जामणीच्या बाजारात ज्या किमतीला मिळते, त्या किमतीत धड सुती साडी मिळत नाही. आणि मिळालीच, तरी तिला कांजी व इस्त्री यांचा जो नित्य खर्च लागतो तो पेलण्याइतकी सवड व पैसा, ज्या घराच्या शेतात कापूस वेचला जातो, त्या घरात नसतो.

माझा विषय गृहअर्थशास्त्र. विदर्भातील कला महाविद्यालयांत तो पिढ्यान् पिढ्या मुलींचा विषय मानला गेला, आणि त्यामुळे त्याच्याकडे जितक्या उपेक्षेने पाहिले गेले तितक्याच निष्ठेने मुली तो घेत राहिल्या. १९८३ मध्ये अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याच्या अभ्यासपत्रिकेत वस्त्रशास्त्राला स्थान होते: तंतूंचे वर्गीकरण, विणींचे प्रकार, डाग काढण्याच्या रीती, कौटुंबिक अंदाजपत्रकात कपड्याचा वाटा. मुलाखतीला काय घालावे हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. तो वर्ग सुटल्यावर, प्रयोगशाळेच्या दाराशी, इतर मुली निघून गेल्याची खात्री करून घेऊन, हलक्या आवाजात विचारला जाई. आणि अभ्यासक्रमाबाहेरचे हे काम हळूहळू माझ्या नोकरीचा असा एक भाग होऊन बसले की सेवानिवृत्तीनंतर अभ्यासक्रम सुटला, पण हे काम सुटले नाही.

या मुली ज्या नोकऱ्यांसाठी जात त्यांचा तपशील आधी सांगितला पाहिजे, कारण हुद्द्याप्रमाणे वस्त्राचा विचार बदलतो. खासगी शाळेतील शिक्षिका, अंगणवाडीतील सेविका किंवा मदतनीस, पतसंस्थेतील लिपिक, खासगी रुग्णालयातील परिचारिका, औषधाच्या दुकानातील हिशेबनीस, आणि अलीकडच्या काळात रोजगार मेळाव्यांतून नागपूर-पुण्याच्या आस्थापनांत विक्रेती किंवा दूरध्वनीवर उत्तरे देणारी कर्मचारी, अशा या जागा. त्यांतल्या पुष्कळशा मुलाखती उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर येतात, कारण शाळांचे वर्ष तेव्हाच सुरू होते. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात शेतकऱ्याच्या घरातील एकुलत्या एका पैशाच्या डबीला चहूकडून हात लागलेले असतात. २०२४ च्या हंगामात बीटी कापसाच्या पाकिटाचा शासनाने ठरवून दिलेला कमाल दर ८६४ रुपये होता, आणि एकरी साधारण दोन पाकिटे लागतात. इकडे कापड, शिलाई आणि पायांतले मिळून मुलीचा अगदी साधा वेष दीड-दोन हजारांत बसवायचा म्हटले, तर तो खर्च जवळजवळ एका एकराच्या बियाण्याइतका होतो. बापाने तोंडाने काही म्हटले नाही तरी हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो, आणि मुलीला तो सर्वांत अधिक.

अशा वेळी घर जो मार्ग काढी तो बहुधा ठरलेला असे. आईच्या ट्रंकेतून लग्नातले पातळ निघे. नाही तर शेजारच्या नोकरदार वहिनींची जरीकाठाची साडी एका दिवसापुरती मागून आणली जाई. वणी भागातून मुलीला घेऊन आलेल्या एका माउलीने वर्तमानपत्रात गुंडाळलेले जांभळे रेशमी पातळ माझ्या टेबलावर ठेवून विचारले होते, “मॅडम, पोरीले हेच नेसवू काय? एकडावच तं जायचं हाये.” त्यावर मी इतकेच म्हटले, “ताई, एकदाच जायचे असते, तर मीसुद्धा हेच नेसवा म्हटले असते.” त्या माउलीला माझे म्हणणे तत्काळ उमगले, कारण पेरणी एकदाच करून भागत नाही, पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीची तजवीज ठेवावी लागते, हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

माझ्या अनुभवाचे सार काही असेल, तर ते त्या एका उत्तरात आहे. मुलाखतीच्या पेहरावासंबंधी जे काही छापून येते, त्याच्या मुळाशी विजयाचे एक गृहीत असते: हवी ती जागा मिळालीच आहे असे समजून त्या जागेला शोभेल असा वेष करावा. ज्या घरात पैसा आहे तिथे हे ठीक. परंतु ज्या घरात एका वस्त्राच्या खरेदीसाठी दुसरा एखादा खर्च पुढे ढकलावा लागतो, तिथे मुलाखतीचे वस्त्र निवडताना नेमणुकीपेक्षा नकार गृहीत धरणे हेच शहाणपणाचे आहे. कारण एका जागेसाठी पाचपन्नास अर्ज येतात, पहिल्याच मुलाखतीत नेमणूक होणे हा अपवाद असतो, आणि केवळ त्या दिवसासाठी घेतलेले भारी वस्त्र नकारानंतर घरातल्या दोरीवर लोंबत राहून त्या अपयशाची साक्ष रोज देत बसते. जे वस्त्र दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या मुलाखतीला चालेल, मधल्या काळात शिकवणीच्या वर्गाला, बँकेत, तहसील कचेरीत दाखला काढायला चालेल, आणि अखेर काहीच न जमल्यास धाकट्या बहिणीच्या अंगाला येईल, ते खरे मुलाखतीचे वस्त्र. एका मुलीने मला विचारले होते, “मॅडम, नोकरी नाही लागली तं बाबाले काय तोंड दाखवू?” तिच्या प्रश्नात तिच्या गुणवत्तेची चिंता जितकी होती, तितकीच नव्या कपड्यांवर झालेल्या खर्चाची होती, आणि ती दुसरी चिंता तिच्या मनावरून उतरवणे माझ्या हातचे होते.

एवढे एकदा ठरले म्हणजे पुढचा विचार सोपा होतो, आणि तिथे माझे वस्त्रशास्त्र कामास येई. प्रथम कापड. मे महिन्यात इथला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि उमरखेड किंवा पांढरकवड्याहून एस.टी.ने निघालेली मुलगी मुलाखतीच्या दारात पोहोचेपर्यंत घामाने निथळलेली असते. प्रमाण हवामानात कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के बाष्प धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून कृत्रिम धाग्याच्या कपड्यात घाम अंगावरच राहतो आणि दंडाखाली, पाठीवर त्याचे ठसे उमटतात. निव्वळ सुती कापड घाम टिपते, पण गर्दीच्या गाडीत दोन तास बसल्यावर त्याला पडलेल्या सुरकुत्या काही केल्या जात नाहीत. तेव्हा दोहोंचे मिश्रण, ज्यात दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस असतो असे टेरिकॉट, हा मध्यम मार्ग मी पुष्कळ काळ सांगत आले. साडी सुरतेची असली तरी हरकत नाही, परंतु पोलके आणि परकर सुतीच असावेत, पोलक्याला सुती अस्तर असावे, म्हणजे अंगाला लागणारा थर घाम टिपतो आणि बाहेरचा थर घडी राखतो. एवढ्या एका युक्तीने, अधिक पैसा न लागता, अर्धे काम होते. रंगाच्या बाबतीतही ऋतू पाहावा लागे. फिकट आकाशी किंवा कच्च्या बदामी रंगाचे कापड टेबलापलीकडून कितीही सोज्ज्वळ दिसले, तरी जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेलेल्या पांदीतून आमच्या काळ्या मातीचा चिखल तुडवत जी मुलगी फाट्यावर येणार, तिच्या निऱ्यांना आणि सलवारीच्या कडांना तो रंग क्षमा करीत नाही. मध्यम छटेचे, बारीक ठिपक्यांचे किंवा अरुंद काठांचे कापड मातीचा शिंतोडाही पोटात घेते आणि वारंवार नेसले तरी लोकांच्या लक्षात राहत नाही. ज्या मुलीला एकच वस्त्र वारंवार वापरायचे आहे तिच्या दृष्टीने हा दुसरा गुण पहिल्याहून मोलाचा.

दुसरी गोष्ट शिलाई. पैसा थोडा असेल तर तो कापडावर कमी आणि शिलाईवर अधिक खर्च करावा, हे मी मुलींना इतक्या वेळा सांगितले की त्या माझ्या मागे माझीच नक्कल करीत. कटपिसाच्या दुकानातून घेतलेले स्वस्त कापड मापात शिवले तर भारदस्त दिसते. उलट महागडे तयार पोलके मुंढ्यात आखडले, किंवा खांद्यावरून घसरू लागले, की मुलीचा एक हात अर्जाच्या फायलीवर आणि दुसरा सदैव खांद्यावर राहतो. मागून आणलेल्या साडीचे खरे दुखणे हेच: साडी कुणाचीही चालते, पोलके ज्याचे त्यालाच बसते. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतील शिवणयंत्रांवर मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात जे काम चाले ते नव्या शिवणाचे क्वचित, जुने उसवून बसते करण्याचे फार. शिंपी शहाणा असेल तर त्याने शिवणीत दोन बोटे माया ठेवलेली असते; ती उसवून पोलके सैल करावे, विरलेल्या काखेत आतून सुती ठिगळ द्यावे, तुटके हूक बदलावे, गळ्याची टीप पुन्हा घालावी, साडीला फॉल नसेल तर जुन्या साडीचा काढून लावावा. या सर्वाला लागणारा दोरा-हुकांचा खर्च एका वेळच्या चहाइतकाही नसे. परदेशांत मुलाखतीला जाणाऱ्या गरजू स्त्रियांना कपडे पुरवणाऱ्या संस्था आहेत, आणि १९९७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी लुब्लिन या तरुणीने सुरू केलेली त्या प्रकारची संस्था पुढे अनेक देशांत पसरली, हे वाचून आमच्या विभागातही असे एक कपाट ठेवावे असा विचार निघाला. परंतु मुलींनीच तो मानला नाही. न्यूयॉर्कच्या अफाट वस्तीत दान मिळालेला पोशाख कुणी ओळखीत नाही. यवतमाळात, आणि त्याहून घाटंजीत किंवा राळेगावात, कोणते पातळ कुणाच्या घरचे हे बसस्टँडवरच ओळखले जाते, आणि मग मुलाखतीचे भय बाजूला राहून त्या ओळखीचेच भय मुलीला पुरते. त्यांना दान नको होते. सुई, दोरा, इस्त्री आणि एक आरसा हवा होता, आणि तेवढे महाविद्यालयापाशी होते.

तिसरी गोष्ट पायांतली. निवड समितीपुढे बसलेल्या उमेदवाराचे पाय टेबलाखाली जातात, पण दारापासून खुर्चीपर्यंतच्या चार पावलांत ते सर्वांना दिसतात. आणि त्या चार पावलांसाठी उंच टाचांचे नवे सँडल घेऊन चालण्याची सवय नसलेल्या कितीतरी मुली अडखळत आत जात. नवे पादत्राण किमान आठवडाभर घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर का होईना, वापरून पाहावे. चिखलाच्या दिवसांत गावापासून जुन्या स्लिपरांवर निघावे, चांगली चप्पल पिशवीत ठेवावी आणि यवतमाळच्या बसस्थानकावर पाय धुऊन ती चढवावी, हा क्रम मी घालून देत असे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. तेव्हा त्या वाचलेल्या पैशाचे काय करावे, असे काही मुलींनी मोठ्या आनंदाने विचारले, आणि मी त्यांना कपड्याचे काहीच न सांगता एक गाडी आधी निघायला, किंवा सोबतीला आलेल्या आईला जेवू घालायला सांगितले. वेळेवर पोहोचून, हातपाय धुऊन, दहा मिनिटे पंख्याखाली बसलेली मुलगी जशी दिसते तसे कोणतेही कापड तिला दाखवू शकत नाही.

साडी की सलवार-कुर्ता, हा वाद मात्र पैशाने सुटणारा नव्हता. प्रारंभीच्या वर्षांत शिक्षिकेच्या जागेसाठी साडीखेरीज अन्य विचारच होत नसे. अध्यापक महाविद्यालयांत पाठ घेण्यासाठी गणवेषाची जी साडी सक्तीची असे, ती शांत रंगाची, काठाची, अंगवळणी पडलेली आणि पैसे फिटलेली असल्यामुळे मुलाखतीला अगदी योग्य, असा सल्ला मी निःशंकपणे देई. फक्त कधी कधी असे होई की एकाच महाविद्यालयातून निघालेल्या दहा मुली एकाच शाळेच्या व्हरांड्यात एकाच साडीत ओळीने बसत, आणि शिपाई त्यांना पाठासाठी आलेल्या विद्यार्थिनी समजून वर्ग दाखवू लागे. पुढे कुर्ता रूढ झाला. सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात शासकीय कार्यालयांतील स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, तसेच पँटवर कुर्ता किंवा शर्ट, असे पर्याय नमूद केले, कार्यालयात स्लिपर वापरू नयेत असे म्हटले, आणि आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी वापरावी अशीही सूचना केली. ज्या मुली साडीत वावरायला बिचकतात त्यांच्या हाती मी त्या परिपत्रकाची प्रत देत असे, कारण घरातील वडीलधाऱ्यांना माझ्या शब्दापेक्षा सरकारी कागदाचा वचक अधिक. मुलगी ज्यात धावत जाऊन गाडी पकडू शकते, खाली पडलेला कागद वाकून उचलू शकते आणि अर्धा तास हाताने काहीही सावरल्यावाचून बसू शकते, ते तिने घालावे; ही परीक्षा घरी, आरशासमोर, आदल्या दिवशी घ्यावी.

या जिल्ह्यात वस्त्राचा प्रश्न केवळ गरिबीचा नाही, समाजाचाही आहे. पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांड्यांवरून येणाऱ्या मुलींच्या आज्या आरशांनी व कवड्यांनी मढवलेली फेटिया-कांचळी वापरीत. नाती शहरात शिकून सहावारीत किंवा कुर्त्यात आल्या, पण मुलाखतीच्या वेळी कुणी कुणी हातावरचे गोंदण झाकण्यासाठी मनगटापर्यंत बाह्या शिवाव्यात काय असे विचारीत. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होते, हे त्यांना नव्याने सांगण्याची गरज नव्हती. तरीही बाह्यांचा प्रश्न उरतच असे. कळंब, मारेगाव, झरी-जामणीकडच्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, आलेल्या कोलाम मुली तर प्रश्नही विचारीत नसत. दुसरी मुलगी जे करील ते मुकाट्याने करीत. त्या सर्वांना माझे सांगणे एकच असे की, बाही किती लांब असावी हे उन्हाने ठरवावे, गोंदणाने नव्हे. आणि एखादी समिती जर गोंदण पाहून गुण देत किंवा कापत असेल, तर मनगटापर्यंतच्या बाह्यांनी ती फसणार नाही.

याहून कठीण प्रसंग विधवा उमेदवारांचा. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले, आणि त्यानंतरच्या चार दशकांत शेतकऱ्यांच्या मृत्यूंनी या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या प्रकारे झाले, त्याची दुसरी बाजू मला अंगणवाडीच्या किंवा वसतिगृहातील स्वयंपाकिणीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रियांत दिसे. तिशीही न उलटलेली बाई, पदरात दोन मुले, आणि विचारायचे ते असे की, मुलाखतीला रंगीत पातळ नेसले तर सासरची माणसे काय म्हणतील, आणि पांढुरके नेसले तर साहेब लोक ‘ही रडतच बसेल’ असे म्हणून नाकारतील काय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे परिपत्रक काढले. पण ठराव गावाच्या वेशीत शिरायला वेळ लागतो. अशा बाईला मी फिकट हिरवे किंवा निळे, काठाचे, तिने पूर्वी नित्य वापरलेले पातळ नेसायला सांगे. जे तिच्या अंगावर गावाने कधीकाळी पाहिलेले आहे, त्यावर बोट ठेवायला गावाला संकोच वाटतो. आणि तिलाही ते नेसताना आपण काही नवे धारिष्ट केले असे वाटत नाही.

पुढे विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवर बसण्याचे प्रसंग आले, आणि टेबलाच्या त्या बाजूने पाहताना माझ्या समजुतीत भर पडली. समितीतील माणसे उमेदवाराचे वस्त्र पाहत नाहीत असे जे म्हणतात ते खोटे, आणि वस्त्रावरूनच निवडतात असे जे म्हणतात तेही खोटे. ते पहिल्या क्षणी पाहतात आणि, त्यात खटकणारे काही नसेल तर, पुढच्या क्षणी विसरतात. वस्त्राचे काम त्या विस्मरणापर्यंत समितीला पोहोचवण्याचे आहे, त्यापलीकडचे उत्तराचे. साडीची किंमत कुणाच्या ध्यानात राहिली असे मी पाहिले नाही. ध्यानात राहते ते दर वाक्यामागे पदर ओढणे, प्रत्येक हालचालीला किणकिणणाऱ्या डझनभर काचेच्या बांगड्या, उसवलेली शिवण झाकण्यासाठी छातीशी धरलेली फाईल. म्हणजे गरिबी नव्हे, गरिबी लपवण्याचा श्रम. त्या श्रमात उमेदवाराची अर्धी बुद्धी गुंतून पडते आणि उत्तरे उरलेल्या अर्ध्या बुद्धीने द्यावी लागतात. एका संस्थेच्या समितीत शेजारचे सदस्य एका मुलीच्या चपलेकडे पाहून काहीसे हसले, तेव्हा मी त्यांना ती मुलगी किती वाजता घरून निघाली हे विचारण्याची विनंती केली. त्यांनी विचारले, तिने पहाटेची वेळ आणि दोन गाड्यांची नावे सांगितली, त्यानंतर चपलेकडे कुणी पाहिले नाही. मुलाखतीला बोलावणाऱ्यांनी पत्रात इतके जरी लिहिले की रोजच्या स्वच्छ कपड्यात यावे, आणि उमेदवारांना हातपाय धुण्यासाठी पाणी व एक आरसा असलेली खोली उपलब्ध केली, तरी कित्येक घरांतील कर्ज टळेल. कारण पुष्कळ खर्च हा अपेक्षा काय आहे ते माहीत नसल्यामुळे होतो.

अमेरिकेतील जॉन मोलॉय यांनी १९७७ मध्ये स्त्रियांच्या कार्यालयीन पोशाखावर पुस्तक लिहिले, त्यात परकरवजा स्कर्ट आणि कोट यांचा गणवेषच त्यांनी सुचवला. पुरुषांच्या जगात शिरायचे तर स्त्रियांनीही त्यांच्या कोटाच्या तोडीचा स्वतःचा गणवेष करावा, असा तो युक्तिवाद होता. आमच्या मुलींपुढे तोड करण्यासाठी कोटच नव्हता. कोट घातलेला माणूस त्यांनी बहुधा लग्नाच्या मंडपातच पाहिलेला. त्यांच्यासमोर आदर्श होता तो गावातल्या परिचारिकेचा, ग्रामसेविकेचा, शाळेतल्या बाईंचा: स्वच्छ धुतलेले पातळ, घट्ट बांधलेला अंबाडा किंवा वेणी, मनगटावर घड्याळ. तो आदर्श स्वस्त होता आणि इथल्या मातीतला होता, म्हणून तो मला मोलॉय यांच्या पुस्तकाहून अधिक उपयोगी पडला. ज्या संतांचे नाव आज आमच्या विद्यापीठाला आहे त्या गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावेच्या गावे झाडली. त्यांचे उदाहरण देऊन वस्त्रात काय आहे असे मुलींना सांगणारे सहकारी मला भेटले. संताला चिंध्या शोभतात, कारण त्याला कुणाकडे नोकरी मागायची नसते. ज्या मुलीला मागायची आहे तिने बाबांची चिंधी नव्हे, त्यांचा खराटा घ्यावा, म्हणजे स्वच्छता घ्यावी, असे मी त्यावर म्हणे.

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाने आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, आणि लेखी परीक्षेच्या गुणांवर नेमणुका होऊ लागल्या. पेहरावाच्या खर्चातून सुटका म्हणून मी त्याचे स्वागत केले. परंतु माझ्याकडे येणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे घटली नाही, कारण सरकारी जागा थोड्या, आणि खासगी जागा मुलाखतीवाचून मिळत नाहीत. आता मुली मोबाईलवर छायाचित्र पाठवून विचारतात, “मॅडम, हा कुर्ता कसा वाटतो?” कुर्ता बहुधा चांगलाच असतो, या पिढीची नजर आमच्याहून तयार आहे. तेव्हा रंगाविषयी किंवा शिवणीविषयी फारसे न बोलता मी उलट विचारते की, ही नोकरी नाही मिळाली, तर हा कुर्ता तू पुढच्या महिन्यात कुठे कुठे घालशील. जिला तीन ठिकाणे तत्काळ सांगता येतात तिला मी तो घ्यायला सांगते. जी अडखळते तिला, दुकानदार परत घेत असेल तोवर, तो परत करायला सांगते.